डासबाई आणि जावयाच्या शिरा

डासबाईचं आणि तिच्या जावयाचं पहिल्या दिवसापासून वाकडं. का, म्हणून विचाराल तर दोघं दोन कारणं सांगतील आणि दोघंही खोटं बोलतील. खरं कारण एवढंच की डासबाईला एकच लेक, आणि ती लेक हा माणूस घेऊन गेला. बाकीचं सगळं नंतर चिकटवलेलं.

डासबाई हे अर्थात टोपणनाव. दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत अठ्ठावीस वर्षं ती सुई हातात घेऊन बसली होती. सकाळी आठ ते दुपारी चार. रोज साठ-सत्तर हात तिच्यासमोर टेबलावर यायचे आणि कापसाचा बोळा दाबून धरत निघून जायचे. नाव ठेवलं तिथल्या म्हाताऱ्या वॉर्डबॉयनं, तिच्या माघारी. तिला कळलं तेव्हा चिडायचं सोडून ती म्हणाली, "बरोबर आहे. डास कधी दोनदा विचारून टोचतो का?"

हात सोन्याचा आणि जीभ कात्रीची, असं ते प्रकरण होतं. तान्ह्या पोराची केसाएवढी शीर असो, जाड्या माणसाची चरबीत दडलेली असो, औषधं घेऊन घेऊन जळालेली असो, बाई एका टोचणीत रक्त काढायची. वॉर्डातल्या सिस्टर दोनदा चुकल्या की तिसऱ्यांदा हात लावायच्या नाहीत, सरळ म्हणायच्या, "बाईंना बोलवा." तशी वर्षाकाठी एखाद-दोनदा तीही चुकायची. पण ते ती कुणाला सांगत नसे, आणि ज्याला टोचलेलं असायचं त्याची सांगायची छाती नसे. रांगेतलं कुणी "जरा हळू टोचा हं" म्हणालं, की ही म्हणायची, "मग काय, तलवार काढणार होते मी?"

असल्या बाईच्या लेकीला प्रेमात पडायला मिळाला कोण, तर गाद्यांच्या दुकानातला विक्रेता. दिवसभर गिऱ्हाइकांना गाद्यांवर लोळवायचं आणि संध्याकाळी जिममध्ये जाऊन लोखंड उचलायचं. लग्नाआधी तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून आला, खुर्चीत बसला आणि हात टेबलावर ठेवला. डासबाईनं त्याचा चेहरा बघितलाच नाही. कोपराच्या खळगीतून वर दंडावर चढलेली, करंगळीएवढी जाड, हिरवी-निळी शीर! अहाहा! अशी शीर तिनं अख्ख्या नोकरीत चार-पाचदा बघितली असेल. तो गेल्यावर लेकीनं लाजत विचारलं, "कसा वाटला?" तर ही म्हणाली, "हात फार छान आहे. डोक्याचं नंतर बघू."

डोकं बघायला मिळालं आणि सगळा आनंदच होता. ह्याला वाटायचं, शिरा दिसणं म्हणजे ताकद. दर रविवारी दोघं जेवायला यायची, आणि हा ताटावर बसल्या बसल्या मूठ आवळून स्वतःच्या हाताकडे बघत राहायचा. एकदा म्हणाला, "सासूबाई, माणसात दम किती ते शिरा सांगतात."

"असं होय?" डासबाई म्हणाली. "मग आमचा वॉर्डबॉय जगज्जेता म्हणायचा! एकसष्ट वर्षांचा आहे, धाप लागल्याशिवाय जिना चढत नाही, आणि हातावर शिरांचं जाळं. अहो जावईबापू, अंगावर चरबी नाही म्हणून दिसतात त्याच्या. तुमच्याही त्याच कारणानं दिसतात. वजन उचललं की दंडाकडे रक्ताची धाव वाढते, स्नायू फुगतो, आणि आतल्या शिरेला बाहेर कातड्याकडे रेटतो. वर चरबीचं पांघरूण नसलं की झालं, दिसली शीर. अंग तापलं की अजून रुंद होते. आणि थोडं आईबापाकडून आलेलं असतं, त्यात तुमचं कर्तृत्व शून्य."

आता हे सगळं खरं होतं. पण खरं बोलायचीसुद्धा एक पद्धत असते, ती ह्या बाईला जन्मात जमली नाही. जावई खाऊ का गिळू असं बघत राहिला. लेक मान खाली घालून अंड्यातला पिवळा बलक वेगळा करत बसली, कारण नवरा बलक खात नसे.

तर असं चार वर्षं चाललं. दोघांत विस्तव जात नव्हता. तो बॉडीबिल्डर, पण डासबाई मुद्दाम त्याला पैलवान म्हणायची. तो तिला तोंडावर सासूबाई म्हणायचा आणि जिममध्ये काय म्हणायचा ते इथं लिहिण्यासारखं नाही. दरवर्षी तो शहराच्या स्पर्धेत उतरायचा आणि दरवर्षी मार खायचा. एकदा सहावा, दोनदा पाचवा, एकदा चौथा. पाचव्या वर्षी मात्र त्यानं चंग बांधला. जिमचा जो उस्ताद होता, मानेचा पत्ता नसलेला, त्यानं ह्याला सांगितलं, "तुझ्याकडे सगळं आहे, फक्त सुका नाहीस. कातडीखाली पाणी आहे तुझ्या. ते काढलं की शिरा अशा उठतील की परीक्षक खुर्चीवरून पडतील." आणि पाणी काढायचं कसं, तर शेवटचे दोन दिवस थेंबही प्यायचा नाही, मीठ बंद, आणि वरून लघवीच्या गोळ्या.

लेकीनं हे फोनवर आईला सांगितलं. काळजीनं सांगितलं. "आई, ह्यानं काही होणार नाही ना गं?" एवढंच तिला विचारायचं होतं. पण डासबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ड्यूटी संपल्यावर घरी न जाता ती थेट जिममध्ये धडकली.

आरशांच्या भिंती, रबराचा आणि घामाचा वास, कोपऱ्यात खडखडणारा पंखा. पंधरा-वीस गडी वजनं घेऊन झुंजत होते. मधोमध ही पाच फुटांची बाई, खांद्याला पर्स, पायात दवाखान्यातल्या पांढऱ्या चपला.

"कोण तो उस्ताद?" तिनं विचारलं.

"मी. बोला मावशी."

"मावशी असेन मी तुमच्या घरी. माझ्या जावयाला पाणी बंद करायला सांगितलंत तुम्ही?"

जावई बाकावरून उठला. "सासूबाई, इथं नको. घरी बोलू."

"इथंच बोलणार! चार जणांना कळू दे. अहो, शीर कशानं फुगते? रक्तानं. आणि रक्त म्हणजे काय? बहुतेक सगळं पाणीच. मी रोज सत्तर बाटल्या भरते, मला शिकवू नका. शरीरातून पाणी काढलंत तर ते काय फक्त कातडीखालचं निघतं? त्याला काय पत्ता दिलाय तुम्ही? ते रक्तातलंही निघतं. मग शिरा उठायच्या सोडून बसतील. उलटी झालेली, जुलाब झालेली माणसं येतात आमच्याकडे, शिरा शोधून शोधून डोळे फुटतात आमचे!"

"तुम्ही सुया टोचा," जावई म्हणाला. "स्टेजचं तुम्हाला काय कळतंय?"

कुणीतरी मागं हसलं. तिथंच बाईचा तोल गेला. "स्टेजवर उभे राहाल ना जावईबापू, तेव्हा सोललेल्या कोंबडीसारखे दिसाल. मी लिहून देते. आणि कोंबडीला निदान अक्कल असते, तहान लागली की पाणी पिते!"

सगळी जिम खो खो हसली. जावयाचा चेहरा काळानिळा पडला. आणि दारात लेक उभी होती, नवऱ्याचा डबा घेऊन. चष्म्याच्या दुकानातली नोकरी संपवून ती रोज त्याला उकडलेली अंडी द्यायला यायची. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आई, तू घरी जा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "आणि मी फोन करेपर्यंत करू नकोस."

झालं! नऊ दिवस फोन नाही. रविवार आला आणि गेला, टेबलाशी डासबाई एकटी जेवली. माफी मागायला तिनं किती वेळा फोन हातात घेतला असेल, गणतीच नाही. आरशासमोर सरावसुद्धा केला. "चुकलं माझं, सगळ्यांसमोर बोलायला नको होतं," इथपर्यंत नीट यायचं. पण त्याच्यामागून आपोआप यायचं, "तरी मी म्हणत होते तेच खरं." मग ती फोन ठेवून द्यायची. जीव तुटत होता लेकीसाठी, पण जीभ वाकत नव्हती. असलीही माणसं असतात, काय करता!

स्पर्धा रविवारी दुपारी होती. डासबाईनं मुद्दाम त्या दिवशीची ड्यूटी मागून घेतली, घरी बसून घड्याळाकडे बघत बसायला नको म्हणून. साडेतीनला वॉर्डबॉय धावत आला. धाप लागलेली. "बाई, कॅज्युअल्टीत बोलावलंय. शीर मिळत नाहीये."

"कुणाची?"

 वॉर्डबॉय तिचा ट्रे उचलून पुढं चालायला लागला.

पलंगावर जावई पडला होता. स्टेजसाठी अंगभर तपकिरी रंग फासलेला, वर तेल, कमरेला तेवढी चड्डी. पोटऱ्या आणि पोट सारखं आखडत होतं, आणि प्रत्येक वेळी तो गुरासारखा ओरडत होता. ओठ पांढरेफटक, जीभ टाळूला चिकटलेली. नाडी पळत होती आणि रक्तदाब पार तळाला. कोपऱ्यात उस्ताद भिंतीला टेकून उभा, सगळी मस्ती उतरलेली. लेकीच्या हातात नवऱ्याचे बूट.

झालं होतं असं. स्टेजमागं वजनं मारून दंड फुगवायला गेला, तर फुगेचना. आरशात बघितलं, शिरा गायब. आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? घोटभर पाणी पिईल. पण हे वेगळंच रसायन! ह्यानं हिशोब केला की शिरा दिसत नाहीत म्हणजे अजून पाणी शिल्लक आहे, आणि लघवीच्या आणखी दोन गोळ्या घशात कोंबल्या, कोरड्याच. नाव पुकारलं तेव्हा तो पडद्याआड जमिनीवर होता.

खरं सांगायचं तर डासबाईला पहिल्यांदा वाटलं ते हेच, की घ्या! सांगितलं होतं! आनंदच झाला तिला, निखळ आनंद. एक क्षणभर. मग त्याचे ओठ दिसले, आणि लेकीचा चेहरा दिसला.

"तीनदा टोचलं, मिळत नाही," तरुण डॉक्टरीणबाई म्हणाली. "सलाईन लगेच जायला हवं. हृदयाचे ठोके चुकायला लागलेत. तुम्ही एकदा बघा, नाहीतर मी मानेतून लावते."

डासबाईनं दंडाला पट्टा आवळला आणि सुई घेतली. आणि इथं ती जे चुकली ते तिच्याशिवाय दुसरं कुणी चुकलं नसतं. चार वर्षं जेवणाच्या टेबलावर ज्या शिरेकडे ती टक लावून बघत आली होती, ती कुठून निघते, कुठं वळते, सगळं तिला पाठ होतं. बोटाखाली काही लागत नव्हतं. तरी हात सवयीनं तिथंच गेला, कोपराच्या खळगीत. सुई आत गेली, आरपार गेली, आणि रंगाखाली काळी गाठ फुगत आली.

जावई किंचाळला.  लेक पुढं आली आणि आईच्या हाताकडे बघत राहिली.

"स्पिरिट द्या. कापूस द्या, पुष्कळ द्या. कोमट पाण्यात टॉवेल पिळून आणा," डासबाई ओरडली. "आणि हात पलंगाखाली लोंबू दे!"

तिनं रंग घासायला घेतला. कापसाच्या बोळ्यामागून बोळा तपकिरी झाला. आतून पांढरट, मऊ, साध्या माणसाचा हात निघाला. त्यावर गरम टॉवेल गुंडाळला, मनगटाकडे बोटांनी हळूहळू चोळलं. आता तिनं हाताकडे बघायचंच सोडलं, डोळे मिटले आणि नुसतं बोट फिरवत राहिली.

"मूठ आवळ," ती म्हणाली. चार वर्षांत त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "ऐकू येतंय का रे? मूठ आवळ. सोड. परत आवळ."

अंगठ्याच्या वर, मनगटाच्या कडेला, बोटाखाली काहीतरी किंचित दबलं आणि वर आलं. तिनं सगळ्यात बारीक सुई घेतली आणि घातली. नळीत रक्त दिसलं, दाट, काळपट. चिकटपट्टी तेलावर टिकेना, तर बँडेजचे वेढे घालून सुई बांधून टाकली. सलाईन धावायला लागलं. अर्ध्या तासानं दुसऱ्या हातावर एक शीर आपणहून वर आली. तिथं तिनं दुसरी बाटली लावली. सहाच्या सुमाराला ठोके नीट पडायला लागले, पेटके थांबले. डॉक्टरीणबाई म्हणाली, "आता धोका नाही. किडनीचे रिपोर्ट उद्या कळतील."

डासबाई बाहेर येऊन बाकावर बसली. लेक मागोमाग आली, पण बसली नाही.

"आई, खरं सांग," ती म्हणाली. "पहिल्यांदा मुद्दाम चुकलीस?"

ह्याच्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. डासबाईला उठून ओरडावंसं वाटलं. दोन वाक्यं तोंडापर्यंत आलीसुद्धा. मग तिनं आपला उजवा हात पुढं केला. अजून थरथरत होता.

"मुद्दाम चुकायला हात शांत लागतो गं," ती म्हणाली.

लेकीनं त्या हाताकडे बघितलं, धरला नाही. "तू बरोबर होतीस," ती म्हणाली. "तू नेहमीच बरोबर असतेस. बाबा शेवटची दोन वर्षं तुझ्याशी बोलायचे बंद झाले होते, तेव्हाही तूच बरोबर होतीस. मला नाही ना ऐकवत आता. तो जागा झाल्यावर त्याला तू 'मी सांगितलं होतं' असं एकदा जरी म्हणालीस, नुसतं तसं तोंड जरी केलंस, तरी मी पुन्हा तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही. खरंच नाही टाकणार."

आणि ती आत गेली. डासबाईला ठाऊक होतं, ही पोरगी धमक्या देत नाही. तो गुण बापाचा.

डासबाई आत गेली तेव्हा जावई उशीला टेकून बसला होता. दोन्ही हातांना नळ्या, अर्ध्या अंगावर रंग, अर्धं अंग पांढरं. उस्तादाच्या तोंडावर जरा तजेला परत आला होता. दोन सिस्टर होत्या, डॉक्टरीणबाई कागद भरत होती, वॉर्डबॉय दारात घुटमळत होता. लेक पलंगाशी स्टुलावर बसली होती, मान खाली.

जावयानं सासूला बघितलं. मरता मरता वाचलेला माणूस इतक्या लवकर उर्मट होत नाही, पण हा झाला. कोपरावरची काळी गाठ दाखवत, घोगऱ्या आवाजात म्हणाला, "काय सासूबाई, एवढी ख्याती तुमची, आणि चुकलात की! वय झालं वाटतं."

उस्ताद फिदकन हसला.

डासबाईकडे उत्तरं तयार होती. एक नाही, तीन. पहिल्या उत्तरानं हा आयुष्यभर आरशात बघायचा बंद झाला असता. दुसऱ्यानं उस्ताद दारातून बाहेर गेला असता. तिसरं तर इतकं झकास होतं की वॉर्डबॉयनं ते दवाखानाभर वर्षभर सांगितलं असतं. सगळी खोली वाट बघत होती. लेक फरशीकडे बघत होती, आणि तिनं स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"हो," डासबाई म्हणाली. "वय झालं माझं. चुकले मी."

सिस्टरच्या हातातलं पॅड खाली पडलं.  जावयानं पाणी मागितलं.

लेकीनं मान वर केली.  मग उठली, आणि स्टूल आईकडे सरकवलं.